रिंग आधी की नंबर आधी? लँडलाईन इंटरनेट फोनला जोडताना हरवणारा कॉलर आयडी

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा माळशेजच्या बाजूला गाडी चालवताना ज्यांची रेंज नेमक्या वेळी जाते, त्यांच्यासाठी बोलणं इथे लिहून काढलंय. थोडं नीटनेटकं केलंय, पण आहे ते बोलणंच, तेव्हा व्याकरणाच्या चुका पोटात घाला.

मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत फोनची, कॅमेऱ्याची, वायफायची कामं करतो. लोक विचारतात, आता लँडलाईन राहिलीच कुठे? राहिली आहे. दवाखान्यात आहे, खताच्या दुकानात आहे, पतसंस्थेत आहे, शाळेच्या ऑफिसात आहे. ०२५२७ म्हटलं की शहापूर, ०२५२४ म्हटलं की मुरबाड. वीस-पंचवीस वर्षं तोच नंबर फायलींवर, भिंतीवर, कॅलेंडरवर छापलेला असतो. तो कोण बदलणार? मग मालक म्हणतो, नंबर हाच ठेव, पण फोन माझ्या घरीही वाजला पाहिजे, मागच्या खोलीतही वाजला पाहिजे, आणि मोबाईलच्या अ‍ॅपवरही वाजला पाहिजे. त्यासाठी एक डबी लागते, तिला गेटवे म्हणतात. एका बाजूने लँडलाईनची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने नेटवर्कची केबल बाहेर येते. पुढे सगळे फोन इंटरनेटच्या भाषेत बोलतात.

हे बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. फोन वाजतो, बोलणं होतं, मालक चहा पाजतो, आपण पैसे घेऊन निघतो. आणि स्क्रीनवर नंबराच्या जागी ‘अननोन’ येतं. मीही असाच निघालो होतो. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

किन्हवलीच्या बाजूला एक छोटा दवाखाना आहे. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. दोन खाटा, रात्री एक सिस्टर, डॉक्टरसाहेब मागच्या बाजूला राहतात. मी त्यांना गेटवे बसवून दिला. रिसेप्शनला एक फोन, खाटांजवळ एक, साहेबांच्या घरी एक. टेबलावरचा जुना डिस्प्लेवाला फोन काढून ड्रॉवरमध्ये टाकला, म्हटलं आता कशाला हवाय हा. नंबर दिसत नव्हता ते मला दिसलं होतं. सिस्टरनेही विचारलं. मी म्हणालो, बघू नंतर, सेटिंग आहे एक.

ते नंतर काही आलं नाही. श्रावण होता, पाऊस होता. रात्री दीडच्या सुमारास फोन वाजला. सिस्टरने उचलला. बाईचा आवाज, ‘पोराला साप...’ एवढंच, आणि फोन कट. आपल्याकडे आतल्या पाड्यांवर मोबाईलची रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. एखाद्या झाडाखाली, एखाद्या खडकावर उभं राहिलं तरच लागतो. सिस्टरने स्क्रीन पाहिली. अननोन. गाव कळलं नाही, पाडा कळला नाही, परत फोन लावायला नंबर नाही. तिने साहेबांना उठवलं, दोघं फोनजवळ बसून राहिले. तिकडे त्या माणसांना वाटलं, आपला निरोप पोचला, आता दवाखान्यातून कोणीतरी गाडी पाठवेल. ती सगळी पाऊण तास तशीच वाट बघत बसली. शेवटी कोणाच्या तरी जीपमध्ये घालून पोराला आणलं. दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन नव्हतंच, तिथून पुढे त्याला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं.

पोरगा वाचला, हे सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. पण नंबर दिसला असता तर सिस्टरने परत फोन लावला असता, सांगितलं असतं की इथे येऊ नका, थेट शहापूरला निघा, पाय हलवू देऊ नका, १०८ ला मीच कळवते. सकाळी मी गेलो तेव्हा साहेब काही बोलले नाहीत. सिस्टर एवढंच म्हणाली, ‘दादा, जुन्या फोनवर नंबर यायचा.’

आता कामाचं बोलू.

आधी हे समजून घ्या की लँडलाईन आणि इंटरनेट फोन यांचा स्वभावच वेगळा. इंटरनेट फोनमध्ये कॉल म्हणजे लग्नपत्रिका समजा. पहिल्याच निरोपात, ज्याला इनव्हाइट म्हणतात, त्यात पाठवणाऱ्याचं नाव-नंबर छापलेलं असतं. ती पत्रिका फोनला मिळाली की फोन वाजतो आणि छापलेला नंबर दाखवतो. पत्रिका वाटून झाल्यावर नाव कळलं तर काय उपयोग? मागाहून दुरुस्ती पाठवायची सोय त्या भाषेत आहे, पण फोन वाजत असताना स्क्रीनवरचा नंबर बदलतील असे फोन मला फार भेटले नाहीत.

लँडलाईनमध्ये तसं नाही. तिथे तांब्याच्या दोन तारा. तारेवर एरवी साधारण ४८ व्होल्टचा स्थिर दाब असतो, आणि कॉल आला की एक्सचेंज त्यावर रिंगचा मोठा दाब सोडतं. रिंग ही नुसती रिंग, तिला नाव नाही. नंबर वेगळा येतो, आवाजाच्या रूपात, त्याच तारेवरून, फोन खाली ठेवलेला असतानाच. कधी येतो आणि कोणत्या आवाजात येतो, हे देशादेशात वेगळं.

अमेरिकेत पद्धत अशी की पहिली रिंग वाजते, मग शांतता, त्या शांततेत सेकंदाला १२०० बिट अशा वेगाने खरखर आवाजात नंबर येतो, मग दुसरी रिंग. त्यांची रिंग २ सेकंद वाजते आणि ४ सेकंद थांबते, म्हणजे जागा भरपूर. बाजारात मिळणारे बहुतेक गेटवे कारखान्यातून याच पद्धतीवर लावून येतात. म्हणून इंटरनेटवर कुठेही विचारा, सल्ला एकच: डबीला सांगा की जरा थांब, पहिली रिंग जाऊ दे, नंबर आला की मग पत्रिका पाठव. डबीच्या पानावर त्याचं एक सेटिंग असतं, रिंग थ्रू डिले की काय असं नाव असतं. अ‍ॅस्टरिस्क वापरणारे डायल करण्याआधी २ सेकंदांचा वेट टाकतात.

मीही सकाळी तेच केलं. १ चे ३ केले. अननोन. ५ केले. अननोन. ८ केले. आता रिंगच एवढ्या उशिरा वाजायला लागली की फोन करणारा कंटाळून ठेवून द्यायचा. ट्रायने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलंय की लँडलाईनची रिंग ६० सेकंद वाजू द्यायची, त्यामुळे नियमाने वेळ बराच आहे. पण आपला माणूस तीन-चार रिंगा झाल्या की म्हणतो, कोणी नाही तिथे.

मग ड्रॉवरमधून जुना फोन काढला आणि त्याच लाईनला समांतर लावला. मोबाईलवरून कॉल केला आणि नुसतं बघत उभा राहिलो. एवढी वर्षं हे काम करतोय, पण हे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या फोनवर आधी नंबर उमटला. मग रिंग वाजली.

आधी नंबर, मग रिंग! माझी डबी रिंग झाल्यावर कान लावून बसायची, आणि नंबर तर तिच्याआधीच येऊन निघून जायचा. बस सुटल्यावर स्टँडवर कितीही वेळ थांबलं तरी बस कशी येणार.

आपल्याकडच्या तांब्याच्या लाईनवर बहुतेक ठिकाणी असंच असतं. कॉल आला की एक्सचेंज तारांची दिशा उलटवतं, म्हणजे धन-ऋण बदलतं. त्यानंतर फोनची बटनं दाबल्यावर येतात तसे टुक-टुक सूर येतात, ज्याला डीटीएमएफ म्हणतात. प्रत्येक आकड्याला दोन सूर एकत्र, उदाहरणार्थ १ म्हणजे ६९७ आणि १२०९ हर्ट्झ. आकड्यांच्या आगेमागे ए, सी, डी अशी अक्षरं असतात. त्यांचेही सूर ठरलेले आहेत, पण घरातल्या फोनवर ती बटनं नसतात. दहा आकडे आणि ही आगेमागेची अक्षरं, सगळं मिळून साधारण दीड सेकंदात आटोपतं. मग रिंग.

अ‍ॅस्टरिस्कवाल्यांसाठी एक गंमत. लाईन थेट कार्डावर घेतली असेल, तर त्याच्या फाईलमध्ये ‘सीआयडी स्टार्ट’ म्हणून एक ओळ असते, नंबर कुठून ऐकायला लागायचं ते सांगणारी. तिला रिंग, पोलॅरिटी, डीटीएमएफ अशा किमती देता येतात, आणि एक किंमत आहे ‘पोलॅरिटी आयएन’, मध्ये अंडरस्कोर, आयएन मोठ्या अक्षरांत. आयएन म्हणजे इंडिया! आपल्यासारखाच कोणीतरी डोकं धरून बसला असणार आणि त्याने ती सोय करून घेतली. तिच्याबरोबर ‘सीआयडी सिग्नलिंग’ डीटीएमएफ करायचं. बाकीचं जग पहिल्या रिंगची वाट बघतं, आपल्याला तार उलटण्याची वाट बघायची आहे.

माझ्याकडे कार्ड नव्हतं, डबी होती. तिच्या कॉलर आयडीच्या यादीत दहा-एक नावं होती. फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क, ब्रिटन, जपान. भारत नाही. आधी साधं डीटीएमएफ निवडलं. नंबर आला! पण नऊ आकडी. पहिला आकडा गिळलेला. पुन्हा कॉल केला, या वेळी आठ आकडी. डबी सूर ऐकू आल्यावर जागी होत होती, आणि डोळे चोळेपर्यंत एक-दोन आकडे निघून जात होते. मग त्याच यादीत ‘पोलॅरिटी रिव्हर्सलसह डीटीएमएफ’ सापडलं. ते लावलं. दहाच्या दहा आकडे.

आणि हे बघा, नंबर रिंगच्या आधीच हातात असल्यामुळे थांबायची गरजच राहिली नाही. ८ सेकंदांचा डिले मी १ वर आणला. नंबरही दिसतो आणि रिंगही लवकर वाजते.

एक खोड मात्र लगेच दिसली. आपण बाहेर फोन केला, समोरच्याने उचलला किंवा बोलणं संपलं, की काही लाईनींवर तार पुन्हा उलटते. डबीला वाटतं नवा कॉल आला. म्हणून नुसती तार उलटली तर कान उघडायचे, पण आत फोन वाजवायचा नाही. खरी रिंग आल्यावरच वाजवायचा. डबीत तशी सोय आहे का ते पाहून घ्या, नाहीतर रात्री-बेरात्री भुताचे फोन येतात. (एका ठिकाणी खरंच मालकाच्या आईने नारळ फोडला होता.)

आता मुरबाड. शहापूरला डोकं चाललं म्हणून मी जरा फुशारलो होतो. सरळगावजवळ खत-बियाण्यांच्या एका दुकानात हेच काम आलं. तीच कंपनीची डबी, तीच सेटिंगं कॉपी केली, पाच मिनिटांत मोकळा. अननोन. मालक म्हणतो, अहो पण शहापूरला तर चालतंय ना तुमचं?

तिथे तांब्याची लाईन नव्हती. जुनी केबल जाऊन फायबर आलं होतं. फायबरच्या कनेक्शनबरोबर भिंतीवर जो छोटा डबा लागतो, ओएनटी म्हणतात, त्याच्या मागे फोनचं एक भोक असतं. लँडलाईन तिथून निघते. आता नीट लक्ष द्या. एक्सचेंजकडून त्या डब्यापर्यंत कॉल इंटरनेटच्याच भाषेत येतो, नंबर छापलेल्या पत्रिकेसकट. मग तो डबा स्वतः खोटी खोटी लँडलाईन तयार करतो: रिंग तोच देतो, नंबरही तोच गाऊन दाखवतो. कसा गायचा हे त्या डब्याच्या सेटिंगवर. इथला डबा अमेरिकन पद्धतीने गात होता, रिंग झाल्यानंतर. तारा उलटवतच नव्हता. माझी डबी तार उलटण्याची वाट बघत बसली होती.

इथे थांबणं खरंच लागतं. किती, याचा हिशेब मांडू. आपली रिंग ट्रिंग-ट्रिंग अशी जोडीने वाजते: ०.४ सेकंद आवाज, ०.२ शांत, पुन्हा ०.४ आवाज, मग २ सेकंद शांतता. म्हणजे पहिली जोडी संपायला एक सेकंद. त्यानंतर साधारण अर्धा सेकंद जातो, आणि मग तो खरखर आवाज, आधीची सूचना धरून पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर. एकूण सव्वादोन सेकंद. म्हणून डिले ३ ठेवला. २ ठेवलात तर कधी येतो, कधी येत नाही, आणि असा दोष शोधणं सगळ्यात वाईट. शिवाय काही डब्या आपल्या ट्रिंग-ट्रिंगला दोन रिंगा समजतात आणि मधल्या ०.२ सेकंदात नंबर शोधतात. तिथे मावतो का तो? रिंग मोजण्याची सेटिंगं भारताची करून घ्या.

त्या दुकानदाराला मी नंतर म्हटलंसुद्धा, की फायबर आहे तर मधली खोटी लँडलाईन हवीच कशाला, कंपनीकडून थेट इंटरनेटच्या भाषेतली लाईन मिळते का विचारा, नंबर पत्रिकेतच येईल. तो म्हणाला, आधी हे चालू दे. बरोबर आहे त्याचं, बियाण्यांचा सीझन होता.

पावसाबद्दल बोलल्याशिवाय आपल्या भागातल्या फोनचा विषय संपत नाही. तांब्याच्या केबलचे जोड जमिनीत असतात, पाणी शिरलं की बोलताना खरखर येते हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच खरखरीत सूरही बुडतात. एक्सचेंजपासून दूर असलेल्या लाईनवर सूर मुळातच दबका पोचतो. मग नंबर येतो, पण एक आकडा कमी, किंवा एक आकडा दोनदा. दवाखान्यात मी नियम लावला: दहा आकडी आला तर नंबर दाखव, सहा आकडी आला तर गावातलाच समज, बाकी काहीही आलं तर पुढे ‘अपूर्ण’ असं लिहून दाखव. लोक म्हणतात, अपूर्ण कशाला दाखवायचा? दाखवायचा. नऊ आकडे मिळाले तर गेल्या महिन्याच्या यादीत शोधून माणूस सापडू शकतो. पण चुकीचा नंबर बरोबर म्हणून दाखवला तर रात्री दीड वाजता सिस्टर भलत्यालाच उठवेल, आणि खरा माणूस तिकडे वाट बघत राहील.

परत कॉल लावण्यातही एक फट आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. येणारा नंबर मात्र शून्याशिवाय, दहा आकडी येतो. म्हणजे स्क्रीनवर नंबर झकास दिसतो, सिस्टर बटन दाबते, आणि कॉल लागत नाही. म्हणून यंत्रातच सांगून ठेवायचं की दहा आकडी काहीही असेल तर पुढे शून्य लाव. बाहेरगावच्या लँडलाईनलाही तेच चालतं, एसटीडी कोडाच्या पुढे शून्य असतोच. सहा आकडी असेल तर हात लावायचा नाही.

आणि वीज. तांब्याच्या साध्या फोनला वीज एक्सचेंजकडून येते, घरात अंधार असला तरी तो वाजतो. डबी, राउटर, वायफाय यांना आपली वीज लागते. म्हणून आता मी जुना डिस्प्लेवाला फोन काढून टाकत नाही. तो समांतर ठेवतो, टेबलावर, दिसेल असा. फायबरवाल्यांनी मात्र ओएनटी आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर टाका, कारण तिथे जुना फोनही अंधारात मुका होतो.

हे बसवणाऱ्या पोरांना एक गोष्ट. दवाखान्यातल्या दवाखान्यात लाईन चार फोनांवर वाजवणं वेगळं. पण कोणी येऊन म्हणालं, इथली लँडलाईन इंटरनेटवरून दुसऱ्या शहरात ने आणि तिकडच्या फोनच्या जाळ्यात सोड, पैसे देतो, तर हात जोडा. त्याला बेकायदा एक्सचेंज म्हणतात, धाडी पडतात, आणि पकडला जातो तो वायर जोडणारा.

तपासायचं कसं? मी आता वीस कॉल करतो. दहा लागोपाठ, मध्ये श्वास न घेता, कारण काही डब्या घाईत आधीच्या माणसाचा नंबर पुढच्याला चिकटवतात. पाच दोन वेगवेगळ्या मोबाईलवरून, आलटून-पालटून. आणि उरलेले पाच पाऊस पडून गेल्यावर. त्यासाठी परत जावं लागतं, पेट्रोल आपलं जातं. पण दवाखान्यात जातो.

मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा सिस्टरने फोनशेजारी एक वही ठेवलेली दिसली. येणारा प्रत्येक नंबर, वेळ, आणि कळलं तर पाड्याचं नाव. मी म्हणालो, मशीनमध्ये सगळं साठतंय हो. ती म्हणाली, साठू दे.

प्रश्न असतील तर पाठवा, पण पाठवताना दोन गोष्टी नक्की लिहा: लाईन तांब्याची आहे की फायबरची, आणि साधा डिस्प्लेवाला फोन लावल्यावर नंबर रिंगच्या आधी उमटतो की नंतर. डबीच्या कंपनीचं नाव मागाहून सांगितलंत तरी चालेल. पुढच्या भागात बोलणं संपल्यावरही लाईन सुटत नाही, त्या त्रासाबद्दल बोलू.